मदत हवी आहे: चेक परत आल्याची नोटीस एक दिवस उशिरा गेली का? सगळं एका शब्दावर अडलंय

काजूवाली

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पाककृतींवर दोन-चार प्रतिसाद सोडले तर काही लिहिलेलं नाही. आज अडचण घेऊन आलेय. थोडं लांबणार, सांभाळून घ्या.

कुडाळजवळ आमचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं एवढंच, सासूबाई, मी आणि हंगामात सात-आठ बाया. जूनमध्ये घाटावरच्या एका मिठाईवाल्याला अखंड गर आणि पाकळी मिळून १ लाख ८४ हजारांचा माल दिला. पैसे आज देतो, उद्या देतो करत शेवटी ऑगस्टमध्ये चेक आला. बँकेत टाकला तर 'अपुरी शिल्लक' म्हणून परत. आता तारखा नीट देते, कारण भांडण तारखांचंच आहे.

बँकेच्या मेमोवर तारीख ११ ऑगस्ट. माझ्या हातात मिळाला १२ ऑगस्टला दुपारी, शाखेच्या वहीत माझी सही आहे. मग मध्ये गणपती आले. आमच्याकडे अकरा दिवसांचे असतात आणि वकीलसाहेबही त्यांच्या गावी. नोटीस स्पीड पोस्टने गेली ११ सप्टेंबरला. समोरच्याला मिळाली १५ सप्टेंबरला. २७ तारखेला त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय.

उत्तरात पैशांबद्दल अक्षर नाही. माल मिळाला नाही, चेक माझा नाही, असंही काही नाही. आहे ते इतकंच: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ मध्ये नोटिशीची मुदत ३० दिवसांची. ती सांगताना कायद्याने माहिती मिळाल्या'पासून' म्हणजे 'फ्रॉम' असं म्हटलेलं नाही, 'ऑफ' म्हटलंय. त्याच कलमात वरच्या खंडात चेकच्या मुदतीसाठी मात्र 'फ्रॉम' आहे. दोन जागी दोन शब्द, म्हणून अर्थही दोन. 'ऑफ' असेल तिथे पहिला दिवस धरायचा. १२ ऑगस्ट हाच दिवस पहिला, तिसावा दिवस १० सप्टेंबर, आणि तुमची नोटीस ११ ची. सबब नोटीस मुदतबाह्य.

बोटं मोजून बघितली. १२ ऑगस्ट सोडून मोजलं तर बरोबर ११ सप्टेंबरला तीस भरतात. धरून मोजलं तर एक दिवस उशीर. पावणेदोन लाख एका 'च्या'वर लटकलेत!

आमचे वकील म्हणतात, "काळजी करू नका, कोर्टात बघू." माणूस भला आहे, पण समजावून सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. मला समजून घ्यायचंय. मी ती दोन्ही वाक्यं मराठीत करून पाहिली तर दोन्हीकडे हात आपोआप 'पासून'वरच जातो. 'मिळाल्यापासून तीस दिवसांत'. मग इंग्रजीत एवढा फरक खरंच आहे का?

आणखी एक. खटला चालू असतानाच २० टक्के रक्कम मिळते असं बाजारात एकाने सांगितलं. 'मिळते' की 'मिळू शकते'? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गावकार

ताई, 'ऑफ' नि 'फ्रॉम' मागसून बघूया. आधी मोबाईल बघ. बँकेचो मेसेज कधी इलो? कायद्यात 'माहिती मिळणे' आसा, 'मेमो मिळणे' नाय. मेमो १२ तारखेक गावलो म्हणतस, पण ११ लाच फोनवर 'चेक रिटर्न' इलो आसात तर समोरचो वकील ताच दाखवतलो. मग 'च्या' काय नि 'पासून' काय, दोन्ही बाजून नोटीस उशिराच ठरता.

काजूवाली

अरे देवा. खात्याला नंबर मुलाचा आहे, तो रत्नागिरीला शिकतो. विचारते.

तर्कटराव

मेसेजचं निघेल ते निघेल. ताईंना वाईट वाटेल, पण समोरच्या वकिलाचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. एकाच कायद्यात दोन वेगळे शब्द वापरले तर कायदा करणाऱ्याला दोन वेगळे अर्थ अभिप्रेत होते असं धरून चालायचं, हा अर्थ लावण्याचा जुना नियम आहे. शिवाय कायद्यांतले शब्द कसे वाचायचे हे सांगणारा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७, त्याचं कलम ९ बघा. मुदतीतला पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' शब्द वापरला की पुरे, असं तिथे सांगितलंय. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी १३८ मध्ये एका ओळीत 'फ्रॉम' लिहिलं आणि दोन ओळी खाली 'ऑफ'. चुकून?

आणि तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागायची सोय २००२ च्या दुरुस्तीने कलम १४२ मध्ये केलीय. नोटिशीच्या उशिराला तशी सोय नाही. तिथे एक दिवस म्हणजे खेळ खलास.

चहाटळ

हा शुद्ध शब्दच्छल आहे. माल घेतला, पैसे द्या. संपला विषय.

तर्कटराव

@चहाटळ, शब्दच्छलच आहे. पण कायदा शब्दांचाच असतो, दुसरं काही नसतं त्यात.

निवृत्त_शिरस्तेदार

तीस वर्षं कोर्टाच्या टेबलामागे बसलोय, त्यातली निम्मी तारखा मोजण्यात गेली. वकील नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून घ्या.

तर्कटरावांनी मांडलेला मुद्दा बिनतोड वाटतो, आणि काही काळ तो खरोखर लोंबकळत होता. १९९९ साली साकेत इंडिया विरुद्ध इंडिया सिक्युरिटीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. तिथे नोटिशीची मुदत नव्हती, तक्रारीची होती. कलम १४२ म्हणतं, तक्रारीचं कारण (नोटीस मिळूनही मुदतीत पैसे न येणं) घडलं त्या तारखेच्या एका महिन्यात तक्रार करा. इथेही शब्द 'ऑफ'. कारण घडलं १५ ऑक्टोबर १९९५ ला, तक्रार दाखल झाली १५ नोव्हेंबरला. पहिला दिवस धरला तर महिना १४ लाच संपतो, वगळला तर १५ ला. न्यायालयाने पहिला दिवस वगळला, तक्रार मुदतीत धरली.

त्याच वर्षी एसआयएल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स या दुसऱ्या प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने वेगळा सूर लावला. झालं! पुढची चौदा वर्षं ज्याला जो सोयीचा तो निकाल तो पुढे करायचा. मी असे दोन वकील एकाच सकाळी, एकाच दालनात, समोरासमोर बघितलेत. एकाच्या हातात साकेत, दुसऱ्याच्या हातात एसआयएल, आणि मध्ये न्यायाधीश घड्याळाकडे बघतायत.

शेवटी प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. इकॉन अँट्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीज, ऑगस्ट २०१३. निकाल लिहिला न्या. रंजना देसाईंनी, आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या. त्यांनी म्हटलं की साकेत बरोबर. 'ऑफ', 'फ्रॉम', 'आफ्टर' या शब्दांचा अर्थ प्रसंगी एकच असू शकतो. १३८ मध्ये एका ठिकाणी हा आणि दुसऱ्या ठिकाणी तो आला एवढ्यावरून पहिला दिवस धरायचा असं ठरत नाही. मुदत मोजताना घटनेचा दिवस सोडायचा, हा मोजणीचा सर्वसाधारण नियम इथेही लागू.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते प्रकरण तक्रारीच्या महिन्याचं होतं, तुमचं नोटिशीच्या तीस दिवसांचं आहे. पण शब्द तोच, कायदा तोच, आणि १३८ मधल्या 'ऑफ'चा विचार त्या निकालात झालेलाच आहे. तुमचे वकील "कोर्टात बघू" म्हणतायत ते बहुधा खिशात इकॉन अँट्री ठेवूनच.

एक गंमत त्या मिठाईवाल्याच्या वकिलाच्या लक्षात आलेली दिसत नाही. १३८ च्या पुढच्या खंडात, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस दिलेत, तिथेही 'ऑफ'च आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने चाललं तर त्यांच्याच अशिलाला १५ नव्हे, जेमतेम १४ दिवस मिळतात, आणि पोस्टमन संध्याकाळी आला तर पहिला दिवस तासाभराचा. कायदा दिवसाचे तुकडे करत नाही. म्हणूनच पहिला अर्धामुर्धा दिवस सोडून पुढचे पूर्ण दिवस मोजायची रीत पडली.

काजूवाली

काका, किती उपकार मानू! आत्ता पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मुलाचा फोन लागला नाही अजून, प्रॅक्टिकल आहे म्हणे.

एक विचारते. नोटीस ११ ला पोस्टात टाकली, पण मिळाली १५ ला. तीस दिवसांत 'टाकली' पुरे की तीस दिवसांत 'मिळायला' हवी?

निवृत्त_शिरस्तेदार

चांगला प्रश्न. हाही शब्दाचाच. कलम म्हणतं नोटीस 'देऊन' मागणी करावी, आणि १५ दिवस मोजताना म्हणतं नोटीस 'मिळाल्या'वर. के. भास्करन विरुद्ध शंकरन, १९९९, यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडलाय. देणं ही क्रिया आहे, मिळणं हा तिचा शेवट. योग्य पत्त्यावर वेळेत रवाना केलीत की तुमचं 'देणं' झालं. पोस्टाने चार दिवस घेतले हा तुमचा दोष नाही. स्पीड पोस्टची पावती आणि त्यावरचा शिक्का मात्र जिवापाड जपा. झेरॉक्स काढा, ते कागद पुसट होतात.

खाद्यनिरीक्षक_माजी

धागा वाचताना हसू आलं, कारण काजू आणि एक छोटा शब्द ही जोडी माझ्या ओळखीची आहे. थोडं अवांतर, पण ताई काजूवाल्या आहेत म्हणून सांगतो.

१९५४ च्या अन्नभेसळ कायद्यात भेसळयुक्त कशाला म्हणायचं याची व्याख्या होती. त्यात कुजलेलं, नासलेलं, मग 'किंवा कीड लागलेलं किंवा अन्यथा माणसाने खाण्यास अयोग्य' अशी रांग. दिल्लीत एका दुकानातून काजू तुकड्याचा नमुना उचलला, कीड निघाली. कचेरूमल प्रकरण, १९७५. सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या 'किंवा अन्यथा'कडे बोट दाखवलं. 'अन्यथा अयोग्य' याचा अर्थ आधीचं सगळंसुद्धा अयोग्यतेच्याच मापाने मोजायचं. नुसती कीड पुरे नाही, त्या किडीमुळे माल खाण्यास अयोग्य झाला हे दाखवा. ते दाखवलं नव्हतं. सुटला.

चार वर्षांनी, १९७९ मध्ये, टेकचंद भाटिया प्रकरण. पुन्हा दिल्ली, पुन्हा काजू, पुन्हा कीड. या वेळी न्यायालय म्हणालं, 'किंवा' म्हणजे 'किंवा'. रांगेतलं प्रत्येक आपापल्या पायावर उभं आहे. कीड लागली ना, मग अयोग्यता वेगळी सिद्ध करायला नको.

आम्ही तेव्हा नोकरीत नवे. साहेबांनी सांगितलं होतं, अहवालात दोन्ही लिहायचं, कीडही आणि खाण्यास अयोग्यही. 'किंवा'ने उद्या कुठली कूस बदलली तरी आपला कागद टिकला पाहिजे. निवृत्त होईपर्यंत मी दोन्ही लिहीत राहिलो. (कीडवाल्या तुकड्याची काजूकतली करणारेही बघितलेत, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

कोर्टपक्षी

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं नाही. २० टक्के मिळते की मिळू शकते? उत्तर: खटला चालू असताना 'मिळू शकते', आणि कमाल २० टक्के.

ही सोय २०१८ च्या दुरुस्तीने आली, कलम १४३ ए. त्यात न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश 'देऊ शकेल', म्हणजे 'मे', असं आहे. काही ठिकाणी हे 'मे' म्हणजे 'शॅल'च, द्यायलाच हवी, असं धरलं जायचं. मार्च २०२४ मध्ये राकेश रंजन श्रीवास्तव विरुद्ध झारखंड राज्य या निकालात न्या. अभय ओकांनी ते थांबवलं. इथे 'मे' म्हणजे 'मे'. आरोपी अजून दोषी ठरलेला नाही, त्याच्याकडून सक्तीने पैसे कसे काढणार? न्यायालयाने प्रथमदर्शनी दोन्ही बाजू बघायच्या, आरोपीची आर्थिक ओढाताण बघायची, मग ठरवायचं.

आता खरी मजा. त्याच दुरुस्तीने कलम १४८ आलं. आरोपी दोषी ठरून अपिलात गेला तर न्यायालय त्याला दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के भरायचा आदेश देऊ शकेल. इथेही 'मे'. पण २०१९ मध्ये सुरिंदरसिंग देसवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या 'मे'ला जवळपास 'शॅल' मानलं. सर्वसाधारणपणे भरायला लावायचंच, न लावायचं तर खास कारण द्यायचं. तोच कायदा, तीच दुरुस्ती, तेच तीन अक्षरांचं इंग्रजी क्रियापद. खालच्या कोर्टात 'शकेल', अपिलात 'करील'च्या जवळ. फरक एवढाच की मध्ये दोषी ठरल्याचा निकाल आलेला असतो.

म्हणून ताई, अर्ज जरूर करा, पण ते पैसे हिशेबात धरून पुढच्या हंगामाची बी उचलू नका.

तर्कटराव

इकॉन अँट्री शोधून वाचला. माझा कलम ९ चा मुद्दा तिथे टिकत नाही, मान्य. न्यायालयाने जे केलंय ते भाषेच्या दृष्टीनेही बरोबर वाटतं. काजूवालीताईंच्या हाताने मराठीत आपोआप 'पासून' लिहिलं, तेच तीन न्यायमूर्तींनी इंग्रजीत लिहायला चौदा वर्षं गेली.

तरी एक शंका. नोटीस टिकली असं धरू. तक्रार कधीपर्यंत करायची? समोरचा तिथेही 'ऑफ' काढणार.

निवृत्त_शिरस्तेदार

काढू द्या. दोन्ही हिशेब मांडू.

सरळ हिशेब: नोटीस मिळाली १५ सप्टेंबर. तो दिवस सोडून १५ दिवस, म्हणजे ३० सप्टेंबर. तोवर पैसे आले नाहीत, तक्रारीचं कारण घडलं १ ऑक्टोबरला. तो दिवस सोडून महिना, शेवटचा दिवस १ नोव्हेंबर. इथे महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, तीस दिवस नव्हे. नोटिशीसाठी 'दिवस' आणि तक्रारीसाठी 'महिना', यात पुष्कळ जण घसरतात.

आता मिठाईवाल्याच्या वकिलाचा हिशेब: १५ सप्टेंबर धरला तर १५ दिवस २९ ला संपले, कारण घडलं ३० सप्टेंबरला, तोही दिवस धरला तर महिना संपतो २९ ऑक्टोबरला.

आज ४ ऑक्टोबर. दोन्ही हिशेबांनी पंधरवडा उलटून गेलाय, म्हणजे तक्रार अकाली म्हणून फेकली जायची भीती नाही. १५ दिवस संपायच्या आत केलेली तक्रार चालत नाही, हे २०१४ मध्ये योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात पक्कं झालंय. आणि २९ च्या आधी दाखल केलीत तर तुमच्या तक्रारीपुरता 'ऑफ'चा वादच मिटतो. बरोबर असणं आणि वादात न सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी चालतं, पण दिवाळीच्या तोंडावर त्या आशेवर बसू नका.

दाखल कुठे करायची हे वकील सांगतीलच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात वटवायला टाकला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. घाट चढायला नको.

गावकार

+१. पण मेसेजचा काय झाला?

काजूवाली

आत्ताच मुलाचा फोन येऊन गेला. त्याने मेसेज डिलीट केले नव्हते, देव पावला. बँकेचा मेसेज १२ ऑगस्ट, सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी. ११ तारखेचा फक्त एक आहे, तो गॅस सिलिंडरचा. स्क्रीनशॉट पाठवलाय. मी त्याला म्हटलं, फोन बदलू नकोस आता खटला संपेपर्यंत. तो म्हणाला, आई, मग नवीन कव्हर तरी घे.

सोमवारी वकिलांकडे जातेय. मेमो, शाखेच्या वहीतल्या सहीची नक्कल, पोस्टाची पावती, तिची झेरॉक्स, स्क्रीनशॉट, आणि शिरस्तेदारकाकांचे दोन्ही हिशेब एका कागदावर उतरवून. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे त्याने काजू खाल्ले हे तरी तो कबूल करतो ना?"

तक्रार दाखल झाली की इथेच कळवते. धागा वर आणायची गरज पडली तर माफ करा.